नाका, खोली आणि नाव : मुंबईविषयक मराठी साहित्यातील तरुण पुरुष

१

मराठी कुटुंबात एखादा मुलगा 'हाताशी आला' असे म्हटले जाते तेव्हा त्याच्या वयाला त्यात दुय्यम स्थान असते. तो मिळवू लागला, घराचा भार उचलण्याजोगा झाला, एवढेच त्या शब्दांतून अभिप्रेत असते. 'कर्ता मुलगा', 'कर्ता पुरुष' हे प्रयोग याच कुळातील होत. याच्या विरुद्ध बाजूस 'बेकार' हा शब्द उभा आहे. नोकरी नसलेला माणूस आणि कुचकामी वस्तू या दोहोंना भाषा निःसंकोचपणे हे एकच विशेषण लावते. पुरुषाच्या प्रौढत्वाची मोजणी मिळकतीशी बांधून टाकणारी ही भाषा ज्या नगरात बोलली जाते, त्या नगरात मिळकतीचे वाटप विषम असेल तर पुरुषपणाचे वाटपही विषम होणार, हे ओघानेच येते.

स्वातंत्र्योत्तर मुंबईविषयीचे मराठी साहित्य या दृष्टीने सलगपणे क्वचितच वाचले गेले आहे. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'ची चर्चा अश्लीलतेच्या कप्प्यात झाली; बाबूराव बागूल, नामदेव ढसाळ, दया पवार यांचे लेखन दलित साहित्याच्या कप्प्यात ठेवले गेले; नारायण सुर्वे आणि पुढे जयंत पवार हे कामगारजीवनाचे लेखक ठरले. कप्पे सोयीचे असतात, आणि विद्यापीठीय अभ्यासक्रमांना ते लागतातही. परंतु या सर्व लेखकांच्या पुस्तकांतून एकच माणूस पुनःपुन्हा भेटतो, ही गोष्ट कप्प्यांमुळे झाकली जाते. तो वीस-पंचवीस वर्षांचा आहे, त्याच्याजवळ बळ आहे, आणि त्या बळाला शहरात घेणारा कोणी नाही. जे वेतनाने, खोलीने आणि नावाने मिळावयाचे ते न मिळाल्यामुळे तो 'मर्दपणा' हे पर्यायी चलन वापरतो. हे चलनही सर्वांना सारख्या भावाने मिळत नाही. त्याची किंमत कोण देतो, हा प्रश्न या साहित्याच्या मूल्यमापनाशी निगडित आहे. मराठी समीक्षेने तो बराच काळ विचारला नाही.

२

मुंबई हे दीर्घ काळ पुरुषांचे शहर होते. १८५४ मध्ये ताडदेव येथे पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढील शतकभरात कोकण, देश व उत्तर भारत येथून आलेल्या पुरुषांनी गिरणगाव वसविले. बायकामुले बहुधा गावीच राहत. १९६१ च्या जनगणनेतही बृहन्मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सातशेहून कमी भरली. एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे दहा-वीस पुरुष, त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया आणि महिन्याकाठी गावी जाणारी मनीऑर्डर या तीन गोष्टींवर गिरणगावाचे जीवन उभे होते. गावाकडे तो कर्ता पुरुष असे. शहरात त्याच्या वाट्याला एक वळकटी आणि एक खुंटी येई.

पुढच्या पिढीचा प्रश्न निराळा होता. ती चाळीतच जन्मली, चाळीतच वाढली. गावाकडच्या कर्तेपणाचा आधार तिला नव्हता. दहा बाय दहाच्या किंवा दहा बाय बाराच्या खोलीत आईबाप, भावंडे, एखादा गावाहून आलेला चुलता आणि कोणाचे तरी बाळंतपण एवढे सारे मावत असताना वयात आलेल्या मुलाने घरात थांबणे हीच अडचण होती. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळींतील खोल्यांचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट होते. मुलगी घरात दडपली जाई, मुलगा घराबाहेर ढकलला जाई. रात्री गॅलरीत किंवा फुटपाथवर झोपणे आणि दिवसा नाक्यावर उभे राहणे हा मवालीपणाचा आरंभ म्हणून नेहमी सांगितला जातो; वस्तुतः तो गृहरचनेचा परिणाम होता.

'नाका' या शब्दाचा मूळ अर्थ येथे आठवणे उचित ठरेल. नाका म्हणजे जकात वसूल करण्याचे ठिकाण. येणाऱ्याजाणाऱ्यास तेथे थांबावे लागते आणि काही द्यावे लागते. मुंबईच्या बोलीत हा शब्द चौकाचा पर्याय झाला, तरी त्यातील वसुलीचा भाव लोपला नाही. नाक्यावरचा तरुण कोणाचाही अधिकारी नसतो. पण समोरून जाणाऱ्या मुलीला नजर खाली घालावी लागते, पावले झपझप टाकावी लागतात. एवढीच त्याची जकात. ज्याला अन्यत्र कोठेही कोणी जागा देत नाही, त्याला तेवढ्या वीस पावलांच्या रस्त्यावर जागा असल्याचा भास त्यातून मिळतो. तीच गोष्ट 'दादा' आणि 'भाई' या शब्दांची. वडील भावाला लावावयाचे हे शब्द या शहरात गुंडाला लागले, यात भाषेची विकृती पाहण्याचा मोह होतो. तथापि थोरला भाऊ ज्या गोष्टी पुरवितो, म्हणजे संरक्षण, चार पैसे, नोकरीसाठी कोणाकडे तरी शब्द टाकणे, त्याच गोष्टी वस्तीतील दादा पुरवीत असे, हे ध्यानात घेतले तर भाषेचा निर्णय तितकासा चुकीचा वाटत नाही.

नोकरीच्या बाबतीत 'बदली' हा शब्द असाच बोलका आहे. कायम कामगाराच्या गैरहजेरीत ज्याला काम मिळे तो बदली कामगार. पाळी सुरू होण्याच्या वेळी त्याने कार्ड घेऊन खात्यावर हजर राहावे, कोणी आला नसेल तर त्या दिवसापुरते कामावर लागावे, नाहीतर घरी परतावे. वर्षानुवर्षे असे काढलेले पुरुष गिरणगावात हजारोंनी होते. भोंगा सर्वांसाठी वाजे, पण त्या दिवशी आपण पुरुष म्हणून घरी परतणार की बेकार म्हणून, हे बदलीवाल्याला फाटकाशी पोहोचेपर्यंत ठाऊक नसे.

३

भाऊ पाध्ये यांचे 'वासूनाका' १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठी मध्यमवर्गाला धक्का बसला. आचार्य अत्रे यांच्यासारख्या, स्वतः श्लीलाश्लीलतेच्या वादांना सरावलेल्या संपादकानेही त्यावर प्रखर टीका केली. आक्षेप भाषेवर होता, पोरांच्या वर्तनावर होता, आणि त्याहूनही अधिक, लेखक कोठेही त्यांचा निषेध करीत नाही यावर होता. पोक्या नावाचा नाक्यावरचाच एक पोरगा या कथा सांगतो. त्याच्या निवेदनात पश्चात्ताप नाही आणि फुशारकीही फारशी नाही. तो जे पाहतो ते नाक्याच्या भाषेत सांगतो. या तटस्थपणामुळे पाध्ये यांना अनैतिक ठरविणाऱ्यांनी एक गोष्ट नजरेआड केली. या कथांमध्ये पोरांच्या मर्दुमकीच्या गप्पा आणि त्यांचे प्रत्यक्ष जिणे यांत इतके अंतर आहे की तेच त्या पुस्तकाचे मर्म आहे. पोरे ज्या मुलींविषयी वाटेल ते बोलतात, त्यांच्यासमोर प्रत्यक्ष उभे राहण्याची वेळ आली की गडबडतात. ज्या प्रतिष्ठित घरांतील लोक त्यांना मवाली म्हणतात, त्या घरांच्या दारांआड घडणाऱ्या गोष्टी ती पोरे जाणून असतात. नाक्यावरून साऱ्या गल्लीची लक्तरे दिसतात.

असे असले तरी 'वासूनाका'तील मुलांची एक मिरास आहे आणि ती त्यांना स्वतःलाही दिसत नाही. रात्री परत जाण्यासाठी त्यांना खोली आहे. शिव्या देत का होईना, पण ताट वाढणारी आई आहे. आडनाव सांगताना त्यांची जीभ अडखळत नाही. उद्या कोणी ओळखीचा माणूस भेटला तर एखाद्या कचेरीत चिकटण्याची शक्यता त्यांना खुली असते. त्यांचा मर्दपणा हा काही अंशी खेळ आहे, आणि खेळ त्यालाच परवडतो ज्याला हरल्यानंतर परतण्यासाठी घर असते. पाध्ये यांच्या विनोदाला जे मोकळेपण लाभले आहे ते यातूनच. हा त्या पुस्तकाचा दोष नव्हे. ती त्याची मर्यादा आहे, आणि चांगल्या पुस्तकांना मर्यादा असतात.

अन्य भारतीय भाषांच्या अभ्यासकांना येथे कलकत्त्याचा 'रक' आठवेल. घराबाहेरच्या ओट्यावर अड्डा जमविणारा बंगाली तरुण आणि मुंबईचा नाकेवाला यांत साम्य पुष्कळ आहे. पण रक हा कोणाच्या तरी घराचा भाग असतो, नाका कोणाचाच नसतो. सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवरून सत्यजित राय यांनी १९७० मध्ये केलेल्या 'प्रतिद्वंद्वी' या चित्रपटातील सिद्धार्थ शिकलेला आहे, मुलाखतींना जातो, जगातील घडामोडींवर मत देतो आणि त्यामुळेच नाकारला जातो. त्याची अस्वस्थता केवळ स्वतःच्या बेकारीची नाही. त्याची बहीण नोकरी करते, घरात पैसा आणते, आणि तिच्या वरिष्ठाविषयी कुजबुज होते. या कुजबुजीने भावाचे पौरुष जितके दुखावते तितके नकारपत्राने दुखावत नाही. भावाचा मान बहिणीच्या चारित्र्यावर टांगलेला असतो ही गोष्ट भद्रलोकांच्या कलकत्त्यात आणि गिरणगावात सारखीच खरी आहे. पाध्ये यांच्या पोरांना हा विचार छळत नाही, कारण आपल्या बहिणी दुसऱ्या एखाद्या नाक्यासमोरून जात असतील हे ती मनावर घेत नाहीत.

४

१९६३ हे वर्ष मराठी गद्याच्या इतिहासात दोन पुस्तकांमुळे महत्त्वाचे आहे. त्या वर्षी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली आणि बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रहही आला. 'कोसला' मुंबईची नाही. तरी तुलनेसाठी ती टाळता येत नाही, कारण रिकामपणाला तात्त्विक प्रतिष्ठा मिळाली ती तिच्यामुळे. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग पुण्यात शिकावयास येतो, वडिलांच्या पैशावर राहतो, परीक्षेत नापास होतो आणि गावी परततो. त्याचे निरर्थकतेचे आकलन खरे आहे, बहिणीच्या मृत्यूनंतरचा त्याचा आकांत तर मराठी गद्यातील थोर प्रसंगांपैकी आहे. परंतु परतण्यासाठी त्याला सांगवी आहे, तेथे वाडा आहे, जमीन आहे. सार्थकता नाकारण्याचे स्वातंत्र्यही बापाच्या सातबाऱ्यावर अवलंबून असते, ही नोंद समीक्षेने उशिराच केली.

बागुलांच्या शीर्षककथेतील तरुणाजवळ नाकारण्यासारखे काहीच नाही. बागूल १९३० मध्ये नाशिकजवळच्या विहितगाव येथे जन्मले आणि लहानपणीच मुंबईच्या माटुंगा लेबर कँपात आले. वस्तीतील दारिद्र्य आणि दादागिरी त्यांनी जवळून पाहिली होती. कथेतील निवेदक मात्र मुंबईबाहेर, गुजरातेत, रेल्वेच्या नोकरीसाठी जातो. हे स्थलांतर अर्थपूर्ण आहे. त्याला वाटते की स्वतंत्र देशाच्या रेल्वेत, परक्या प्रांतात, कामगारांच्या सोबतीत तो केवळ एक नागरिक असेल. खोली मिळत नाही म्हणून, विचारले जाणारे प्रश्न टाळता येत नाहीत म्हणून, तो जात लपवितो. ज्या सहकाऱ्याला त्याच्या शब्दांनी भारून टाकलेले असते, जो त्याला मान देतो, तोच पुढे त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांत असतो. खोली आणि नाव यांची गाठ किती घट्ट आहे, हे या कथेइतके स्पष्टपणे क्वचितच दाखविले गेले असेल. वासूनाक्यावरच्या पोराला खोली लहान पडते. याला खोली मिळविण्यासाठी नावच टाकावे लागते.

कथेत दुसराही एक दलित तरुण आहे, काशीनाथ. त्याला अपमान सहन होत नाही, तो जात लपवीत नाही, हातघाईवर येतो. मर्दपणाचा रूढ निकष लावला तर कथेचा नायक काशीनाथच ठरावा, कारण निवेदकाला मारातून सोडवितो तोच. तरीही बागूल कथेचा कौल त्याच्या बाजूने देऊन मोकळे होत नाहीत. मार खाल्लेला निवेदक सूड मागत नाही. मारणाऱ्या व्यक्तींऐवजी तो त्यांच्यामागे उभ्या असलेल्या प्राचीन धर्मव्यवस्थेकडे बोट दाखवितो. या समंजसपणाला काही वाचकांनी दुबळेपणा म्हटले असेल, आणि काशीनाथलाही बहुधा तसेच वाटले असते. पण एका ठोशाने उत्तर देता येणार नाही असा शत्रू समोर असताना ठोसा मारण्याच्या शक्तीवर माणूसपण मोजणे हीच शत्रूची मोजपट्टी स्वीकारणे होय, हे बागुलांनी ओळखले होते. त्यांच्या पुढील लेखनातही, विशेषतः 'सूड' या लघुकादंबरीत, हा प्रश्न त्यांचा पिच्छा सोडीत नाही. तेथे जानकी ही स्त्रीच आपले स्त्रीपण टाकून देऊ पाहते, कारण स्त्री म्हणून जगणे म्हणजे पुरुषांच्या हाती सापडणे, एवढाच अर्थ तिच्या अनुभवाने तिला शिकविलेला असतो.

नावाचा प्रश्न नारायण सुर्वे यांच्याकडे निराळ्या वळणाने येतो. रस्त्यावर सापडलेल्या या मुलाला गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने वाढविले आणि आपले आडनाव दिले. म्हणजे 'सुर्वे' हे नाव वारशाने आले नाही. एका कामगाराने दुसऱ्याला दिलेली ती देणगी होती. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांतील पुरुष नाक्यावर उभा नाही, तो कामावर निघालेला आहे. त्याचा ताठा श्रमातून आणि सोबत्यांतून येतो. बापाचे नाव मागणाऱ्या शाळेच्या रकान्यापुढे उभी राहिलेली वेश्या मास्तरांनाच त्यांचे नाव लिहावयास सांगते, ती कविताही सुर्व्यांचीच. पितृत्वाच्या प्रतिष्ठेला दिलेला इतका शांत धक्का विद्रोही म्हणविणाऱ्या पुष्कळ कवितांना देता आलेला नाही.

५

१९६० नंतर तरुणांच्या या अवमानित शक्तीला संघटित करण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांनी शहराचे राजकारण बदलले. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. तत्पूर्वी 'मार्मिक' साप्ताहिकातून मुंबईतील कचेऱ्यांमधील अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या प्रसिद्ध होत, आणि त्या सदराचे शीर्षक होते 'वाचा आणि थंड बसा'. या चार शब्दांचे विश्लेषण एखाद्या प्रबंधास पुरेल. माहिती नोकऱ्यांविषयीची आहे, म्हणजे वेतन आणि भरती यांविषयीची. आवाहन मात्र 'थंड' या शब्दाला आहे. थंड पडलेला पुरुष ही बोलीतील जुनी हेटाळणी आहे. आर्थिक प्रश्नाचे पौरुषाच्या प्रश्नात झालेले रूपांतर येथे एका क्रियापदात पाहावयास मिळते. नाक्यावरच्या पोराला प्रथमच कोणी सांगत होते की तुझी बेकारी हा तुझा दोष नाही, आणि याच वेळी तिचा दोष शेजारच्या टेबलावर बसलेल्या कारकुनाकडे वळविला जात होता. गिरणीमालक आणि घरमालक या यादीत नव्हते. १९७० मध्ये लालबाग-परळ भागाचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. गिरणगावातील बापांची आणि मुलांची निष्ठा दुभंगल्याची ती खूण होती.

१९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली. तिच्या जन्मामागे दलित स्त्रियांवरील अत्याचारांविषयीचा संताप होता, हे विसरता येत नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजीच्या 'साधना'च्या स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांवरील अंकात राजा ढाले यांनी राष्ट्रध्वजाच्या अवमानाची शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेची शिक्षा शेजारी शेजारी मांडल्या आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. तो हिशेब बिनतोड होता. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित या संज्ञेची व्याप्ती भूमिहीन, कामगार आणि स्त्रिया यांच्यापर्यंत वाढविण्यात आली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत जी दंगल झाली, तिच्यात आमनेसामने आलेली तरुण मुले एकाच आकाराच्या खोल्यांमध्ये वाढलेली होती. जातीचे अंतर जिन्यावरच्या चार पायऱ्यांचे असले तरी ते होते, आणि त्या दिवसांत ते रस्त्यावर आले.

नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' (१९७२) या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. विजय तेंडुलकर यांच्या प्रस्तावनेसह तो आला, आणि कामाठीपुऱ्याच्या परिसरातील शब्दांचा अर्थ लावण्यासाठी मध्यमवर्गीय वाचकाला वाटाड्या लागला, हेच त्या शहराच्या विभागणीविषयी पुरेसे बोलते. टॅक्सी चालविणाऱ्या या कवीने मराठी कवितेची प्रमाणभाषा मोडली. समीक्षकांनी तिचे स्वागत करताना 'रांगडी', 'धगधगती', 'मर्दानी' यांसारखी विशेषणे वापरली. स्तुतीची ही भाषा तपासून पाहण्याजोगी आहे. ज्या कवितेत वेश्यावस्तीतील स्त्रीच्या देहावर शहराचा सारा व्यवहार चाललेला दिसतो, त्या कवितेचे सामर्थ्य पुरुषी आवेशात शोधणे ही तिची अर्धीच वाचना होय. ढसाळांच्या उत्कृष्ट कवितांत आवेशाच्या तळाशी करुणा आहे, आणि त्या करुणेला पुरुष-स्त्री हा भेद उरत नाही. काही ठिकाणी मात्र आवेश तेवढा उरतो, आणि शिवी ज्याला द्यावयाची त्या सत्ताधाऱ्याऐवजी ती नेहमीप्रमाणे कोणाच्या तरी आईबहिणीला लागते.

मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. शाहीर अमर शेख यांची कन्या आणि ढसाळांची पत्नी असलेल्या या कवयित्रीने चळवळीच्या नायकाच्या घरात राहण्याचा अनुभव लिहिला. पुस्तकाकडे एक खळबळजनक खासगी कैफियत म्हणून पाहिले गेले, आणि त्यामुळे चळवळीच्या विरोधकांना ते सोयीचे वाटले, समर्थकांना अडचणीचे. दोन्ही वाचने अपुरी आहेत. बाहेर अन्यायाविरुद्ध उभा राहणारा पुरुष घरात पत्नीवर कोणत्या अधिकाराने उभा राहतो, हा त्यातील प्रश्न चळवळीच्या आतूनच विचारलेला आहे. जाहीरनाम्याच्या व्याख्येत स्त्रिया होत्याच. पुस्तकाने त्या व्याख्येची अंमलबजावणी मागितली, इतकेच.

पुरुषाच्या बाजूने हाच हिशेब मांडणारे पुस्तक त्यापूर्वीच आले होते. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये निवेदक स्वतःलाच, दगडू मारुती पवार या नावाच्या स्वतःला, समोर बसवून ऐकतो. नागपाड्याजवळचा कावाखाना, गोदीत राबणारा आणि दारूत बुडणारा बाप, शिकून मिळविलेली कारकुनी, पांढऱ्या कपड्यांखाली सतत जागी असलेली ओळख उघडी पडण्याची भीती, हे सारे त्यात आहे. पण या आत्मकथनाची धार सर्वांत अधिक जाणवते ती पत्नी सई हिच्याविषयीच्या भागात. संशयाने पछाडलेला नवरा तिला दूर करतो, आणि लेखक त्या नवऱ्याची बाजू सावरीत नाही. शहराने ज्याला कोठेच स्वामित्व दिले नाही त्याने एका माणसावर स्वामित्व गाजविले, आणि ते करताना तो गावातल्या वतनदाराहून निराळा राहिला नाही, हे कबूल करण्याचे धैर्य मराठी आत्मचरित्रात त्यापूर्वी अपवादानेच आढळेल. बाप दारूत आणि मुलगा संशयात, असे दोन पिढ्यांचे दोन मार्ग 'बलुतं'ने शेजारी ठेवले. समीक्षेने पहिल्याची सामाजिक कारणे सांगितली आणि दुसऱ्याला वैयक्तिक शोकांतिका म्हणून सोडून दिले. वस्तुतः दोन्हींचे मूळ एकच आहे.

६

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. कित्येक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालू झाल्या नाहीत, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याचा मार्ग खुला केल्यावर त्या यंत्रांपेक्षा जमिनीच मोलाच्या ठरल्या. बाप बेकार झाला तेव्हा मुलगा हाताशी येत होता. कर्तेपणाची साखळी ज्या दुव्यापाशी जोडली जावयाची, तेथेच ती तुटली.

जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक या तुटलेल्या दुव्यावर उभे आहे. संपूर्ण नाटक चाळीतल्या एका खोलीत घडते, आणि ही केवळ रंगमंचाची सोय नाही. बाहेरच्या शहरात ज्यांना जागा उरलेली नाही असे तीन भाऊ पुनःपुन्हा या खोलीत परततात. थोरला बाबा लेखक होण्याच्या स्वप्नात आहे. मोहनचे जग क्रिकेटपुरते आहे. धाकटा नरू टोळीत शिरला आहे. वीस वर्षांपूर्वी हे तिघेही कदाचित पाध्यांच्या नाक्यावर उभे राहिले असते आणि चकाट्या पिटून घरी परतले असते. पण आता नाक्याच्या मागची गिरणी बंद आहे, चिकटण्याजोगी नोकरी नाही, आणि खेळाचे मोकळेपण संपले आहे. मर्दपणाच्या पर्यायी चलनाला भाव देणारी एकच पेढी उरली आहे, ती टोळीची. घरात पैसा आणतो तो नरू, म्हणजे जुन्या निकषाप्रमाणे हाताशी आलेला मुलगा तोच. जयंत पवार हा उपरोध शब्दांत सांगत नाहीत. खोलीतील माणसांच्या नरूकडे पाहण्याच्या नजरांतून तो प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. त्या पैशाकडे आई कोणत्या नजरेने पाहते, हा या नाटकातील कमावणे आणि पुरुषपणा यांच्या नात्यावरचा सर्वांत कठोर भाग आहे.

भावांपैकी प्रत्येकाजवळ खोलीबाहेर जाण्याचे एकेक निमित्त आहे. एकाला साहित्याचे, एकाला मैदानाचे, एकाला टोळीचे. तिघांचीही फसवणूक होते, परंतु फसण्यासाठी का होईना, त्यांना उंबरठा ओलांडता येतो. बहीण मंजू हिच्या वाट्याला असा कोणताही नाका नाही. भावांच्या पराभवाविषयी मराठीत आता पुष्कळ लिहिले गेले आहे, नाटकावरून चित्रपटही झाला. त्याच खोलीत, त्याच संपानंतर, तिच्या बाजूने लिहिलेले 'अधांतर' अद्याप झालेले नाही.